देशमुख बाईंचे एकशे तीन घोडे

तहसील कचेरीत लागून मला चारच महिने झाले होते. माझ्या लग्नाची पत्रिका घेऊन मी देशमुख बाईंच्या टेबलापाशी गेलो. बाईंनी पत्रिका पुढून वाचली, मागून वाचली, चष्मा कपाळावर चढवला आणि गंभीरपणे विचारलं, "जोशीबुवा, जावक नंबर कुठं हाय?"

मी गडबडलो. म्हणालो, "बाई, लग्नाची पत्रिका आहे."

"ते दिसलं मला. पण उद्या तुम्ही म्हणले की असं काही ठरलंच नव्हतं, तर त्या पोरीनं कुणाच्या तोंडाकडं बघायचं?" असं म्हणून त्यांनी लाल पेन्सिलीनं कोपऱ्यात तारीख टाकली, खाली 'मिळाली' असं लिहून सही ठोकली आणि पत्रिका ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं. आजही आमच्याकडं भांडण झालं की बायको म्हणते, "कुठं पळता? देशमुख बाईंकडं नोंद आहे."

बाई आमच्याकडं अव्वल कारकून होत्या. अंगानं ठेंगण्या, आटोपशीर. आवाज मात्र तीन खोल्या ओलांडून जायचा. कडक इस्त्रीची सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि कानामागं ती लाल पेन्सिल. कुणी काहीही सांगायला लागलं की त्यांचा प्रश्न एकच असायचा, "कागद?" शिपाई म्हणाला सायकल चोरीला गेली, कागद? नवा कारकून म्हणाला आजी वारली, कागद? एकदा तहसीलदार साहेब म्हणाले, डॉक्टरांनी माझं गोड बंद केलंय. बाईंनी विचारलं, "कागद?" साहेबांनी भाबडेपणानं खिशातून चिठ्ठी काढून दाखवली. बाईंनी ती वाचली आणि साहेबांच्या बशीतला पेढा उचलून स्वतः खाल्ला.

पण खेड्यातून एखादी बाई अंगठा लावायला आली की हाच आवाज खाली यायचा. "मावशी, बसा आधी. पाणी प्या. मी वाचून दाखवते, मग काय ते करा." मागं शंभर माणसं ताटकळलेली असोत, बाई शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवायच्या. नोकरीतली मधली काही वर्षं त्या मंडळ अधिकारी होत्या, म्हणजे कुणाची जमीन कुणाच्या नावावर चढवायची ते फेरफार त्याच मंजूर करायच्या. हजारो माणसांच्या नावावर बाईंनी जमिनी चढवल्या. बाईंच्या स्वतःच्या नावावर मात्र एक रेशनकार्ड होतं, आणि त्यावर पत्ता भाड्याच्या खोलीचा.

ती खोली गुलमंडीत, एका कापडदुकानाच्या वर. लग्न होऊन आठ महिन्यांत बाई माहेरी परत आल्या होत्या. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायची आमची छाती नव्हती. माहेर करमाडच्या अलीकडं. थोरला भाऊ अण्णा, वहिनी, पुतण्या विकी, शेतीवाडी, सगळं जागच्या जागी. दरवर्षी अण्णा ज्वारीचं पोतं आणि तुरीची डाळ घेऊन गुलमंडीच्या जिन्यावर हजर व्हायचे आणि जाताना ठरलेलं वाक्य बोलायचे, "रिटायर झाली की गावाकडं ये. खोली रिकामीच हाय."

हे वाक्य ऐकलं की बाईंचा चेहरा पडायचा. एकदा डबा खाताना मला म्हणाल्या, "जोशीबुवा, तिथं मला बोलवतेत पाहुणी म्हणून, अन् कामाला धरतेत घरची म्हणून. मला नाय जायचं तिकडं." भाकरीचा तुकडा हातातच राहिला होता. "पण नाय म्हणायला काहीतरी कारण लागतं ना."

तेव्हा रिटायरमेंटला दोन वर्षं उरली होती.

ते दुष्काळाचे दिवस होते. शहरात नळाला चार-चार दिवसांनी पाणी, खेड्यात विहिरींचे तळ उघडे. कचेरीत सगळ्यात मोठं टेबल टँकरचं, आणि ते बाईंकडं. कुठल्या गावाला किती खेपा गेल्या, विहिरीत पाणी पडलं की वाटेतच मुरलं, हे बघायला बाहेर पडावं लागायचं. कचेरीची जीप कायम साहेबांकडं, किंवा गॅरेजात. बाई एस.टी.नं जायच्या आणि त्या पोचेपर्यंत टँकर खोटी खेप लिहून परत फिरलेला असायचा. अण्णा म्हणायचे, "तुला न्यायला-आणायला कायम कुणीतरी लागतंय बघ." एका सोमवारी बाई आल्या आणि म्हणाल्या, "जोशीबुवा, तुमच्याकडं गाडी चालवायचं लायसन हाय म्हणं. कागद?"

मी लायसन दाखवलं. त्यांनी ते दोन्ही बाजूंनी वाचलं. "बरं. संध्याकाळी जुनी गाडी बघायला चला."

जालना रोडवर जुन्या गाड्यांचा एक डीलर होता. गळ्यात साखळी, तोंडात वेलदोडा. पहिल्याच गाडीपाशी बाईंनी विचारलं, "हिला एचपी हाय का?"

इथं थोडा खुलासा करतो. गाडीवर बँकेचं कर्ज असलं की आर.सी. बुकात तशी नोंद असते आणि आर.टी.ओ.कडची माणसं तिला एचपी म्हणतात. सात-बाऱ्यावर बोजा चढवतात ना, अगदी तसं. बाईंना एचपीचा हा एकच अर्थ ठाऊक होता, आणि आकडा म्हणजे कर्जाचे हजार. डीलरला फक्त दुसरा.

"हाय की मॅडम. पण कमी हाय, सदुसष्ट."

बाईंनी नाक मुरडलं. "ही नको."

"ही बघा मग. एक्क्याऐंशी."

"हीबी नको. तुमच्याकडं धड एक गाडी नाय का हो?"

डीलरनं वेलदोडा थुंकला. त्याच्या चेहऱ्यावर आदर दिसायला लागला. "मॅडम, तुम्ही जाणकार हायत. या मागं. ही मी सगळ्यांना दाखवत नाय." शेडच्या मागं एक गाडी झाकून ठेवलेली. त्यानं कव्हर ओढलं. आत एक बुटकी, झेंडूच्या रंगाची छोटी गाडी. चाकं रुंद, मागं दोन सायलेन्सर, डिकीवर पंख. डीलर हळू आवाजात म्हणाला, "एकशे तीन."

"एकशे तीन! अन् छाती काढून सांगताय? उतरवली नाय का?"

"शपथ घेतो मॅडम, एकबी उतरली नाय. कंपनीतून निघाली तेव्हा होती तेवढीच हाय."

मला दोन्ही अर्थ माहीत होते. मी सांगायला हवं होतं. पण इतकं छान चाललं होतं की मध्ये तोंड घालवेना.

"कागद?" बाई म्हणाल्या. डीलरनं फाईल आणली. बाई तिथंच टायरच्या ढिगावर बसल्या आणि वाचायला लागल्या. पंधरा मिनिटं वाचत होत्या. मालक एकच, एक तरुण इंजिनिअर, परदेशी निघालेला. बोज्याचा रकाना कोरा. खाडाखोड नाही. विमा चालू. सर्व्हिसिंगच्या पावत्या तारीखवार लावून टोचलेल्या. बाईंनी वर बघितलं तेव्हा त्यांचे डोळे पाणावले होते. म्हणाल्या, "इतका स्वच्छ कागद मी सगळ्या नोकरीत दोनदाच बघितला." मग डीलरकडं वळून, "खोटं कशाला बोलता हो? हिच्यावर तर एचपी नायच!"

डीलर रडकुंडीला आला. "मॅडम, एकदा बसून तर बघा!"

बसायची गरज नव्हती. बाईंनी कागद घेतला, गाडी त्याच्याबरोबर आली.

अशा गाड्या कंपनीनं थोड्याच काढल्या आणि मग बंद केल्या, असं मला नंतर कळलं. छोट्या गाडीत मोठं इंजिन. आपल्याकडं छोटी गाडी घेणारा पहिल्यांदा विचारतो, ॲव्हरेज किती देते? आणि तेवढंच सोडून बाकी सगळं ही गाडी देत होती. बाईंना त्याचा पत्ता नव्हता. मागचा पंख हा जेवणाचा डबा ठेवायला केलाय, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि कचेरीच्या आवारात त्या रोज डबा तिथंच ठेवायच्या.

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीवर बाई दोन महिने शिकल्या. ती गाडी इतकी थकलेली की ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरच हलायची. लायसन मिळाल्यावर एका रविवारी सकाळी त्यांनी मला शेजारी बसवलं आणि आकाशवाणीच्या सिग्नलला, दिवा हिरवा झाल्यावर, सवयीनं पाय पूर्ण दाबला.

पुढचं मला नीट आठवत नाही. सेव्हन हिलचा पूल आमच्याकडं धावत आला. मी मारुतीचं नाव घेतलं, ते अर्धंच झालं. बाईंनी गाडी कडेला घेतली. मग त्यांनी विचारलं, "हे काय झालं?"

"बाई, ती एचपी."

"कुठली?"

मग मी सांगितलं. एचपी म्हणजे घोडे. एका घोड्याची ताकद ती एक एचपी. हिच्यात एकशे तीन. बाईंनी बॉनेटकडं बघितलं.

"आमच्या आजोबांकडं एक होता," त्या म्हणाल्या. "त्योबी ऐकत नव्हता."

मला वाटलं आता गाडी परत जाणार. बाईंनी पदर खोचला, आरसा सारखा केला आणि म्हणाल्या, "पुढच्या सिग्नलला परत एकदा करून बघू का?"

खरं सांगतो, त्या दिवसापासून बाईंचं वय कमी व्हायला लागलं. शनिवारी भद्रा मारुतीला जायचं म्हणून खुलताबादला निघालो. दौलताबादच्या पुढं रस्ता किल्ल्याच्या जुन्या दरवाजातून जातो. दगडी कमान, एका वेळी एकच वाहन. आम्ही आत शिरलो आणि समोरून एस.टी. नाकाला नाक लावून उभी राहिली. ड्रायव्हरनं हात बाहेर काढून खूण केली, मागं घ्या. बाईंनी काच खाली केली. "मी आधी शिरले. वहिवाट माझी हाय."

"बाई, माझ्यात पंचावन्न माणसं हायती!"

"माझ्यात दोन हायती, पण आधी हायती. तुमच्या आधी शिरल्याचा कागद?"

दोन्हीकडं हॉर्नचा कल्लोळ. मी सीटमध्ये जितकं खाली जाता येईल तितकं गेलो. ड्रायव्हरनं बाईंकडं बघितलं, कंडक्टरकडं बघितलं, कपाळावर हात मारला आणि पंचावन्न माणसांसकट बस मागं घेतली. बाई दिमाखात बाहेर पडल्या. घाट निम्मा चढल्यावर मी म्हणालो, "बाई, आपणच दोन फूट मागं घेतलं असतं तर?"

"कसं घेणार?" त्या पुढं बघत म्हणाल्या. "रिव्हर्स कुठं लागतो ते मला अजून सापडलं नाय."

गाडीची फाईल होती, हे सांगायचं राहिलंच. लाल फीत, पृष्ठांकन, टिपणी, सगळं. 'सदर वाहनाचा क्लच आवाज करीत आहे. सबब श्री. खलीलभाई यांच्याकडे योग्य त्या कार्यवाहीस्तव सादर.' खलीलभाईंचं गॅरेज रोशनगेटकडं. हात इंजिनात घालायच्या आधी त्यांना फाईलवर अभिप्राय द्यावा लागायचा. खलीलभाई काळ्या बोटांनी उर्दूत एक ओळ लिहायचे आणि बाईंना वाचून दाखवायचे, "देख लिया, हो जाएगा." मला बाजूला घेऊन म्हणायचे, "जोशीजी, इसका सामान इंडिया में नइ मिलता. बाई को कैसे बोलूं? पुराना पुर्जा भी गिन के वापस मांगती." पण पुण्याच्या भंगारातून, कुठून कुठून ते तुकडे पैदा करायचे. असली गाडी हाताखाली यावी ही त्यांची जुनी हौस होती, आणि शहरात तिची मालकीण एकच होती.

धुणं मात्र बंद. लोकांना टँकरच्या रांगेत उभं करून आपण गाडीवर पाणी ओतायचं, हे बाईंना पटत नव्हतं. ओल्या फडक्यानं पुढची काच पुसायची, बस. झेंडूचा रंग उन्हाळ्यात मातकट झाला. एक दिवस कुणीतरी मागच्या काचेवरच्या धुळीत बोटानं लिहिलं, 'मला अंघोळ घाला'. बाईंनी चष्मा लावून वाचलं आणि त्याच्याखाली बोटानंच लिहिलं, 'अर्ज मिळाला. पाणीटंचाईमुळे विचार करता येत नाही. अर्ज निकाली.' खाली सही, तारीख. दुसऱ्या दिवशी त्याखाली नवं अक्षर, 'अपील करीत आहे.' आठवडाभर हे चाललं. शेवटी काच भरली, तेव्हा बाईंनी निकाल दिला की उर्वरित पत्रव्यवहार डाव्या दारावर करावा. तो अर्जदार तहसीलदार साहेबच होते, हे फार उशिरा बाहेर आलं.

आणि मग तो टँकर. मे महिना, दुपारची वेळ. आम्ही करमाडच्या बाजूला खेपा तपासायला निघालो होतो. त्या रस्त्याला तेव्हा जिकडं बघावं तिकडं बांधकाम. शेंद्र्याकडं कारखाने येणार, शेतात प्लॉटचे दगड उभे राहिलेले. पुढं आमचाच टँकर चालला होता, बाईंच्या माहेरच्या गावाला जाणारा. बघता बघता तो डावीकडं एका नव्या बिल्डिंगच्या आवारात वळायला लागला. बाईंना बघून ड्रायव्हरनं परत रस्त्यावर घेतला आणि सुसाट सोडला. तो पुढच्या बांधकामावर टँकर रिकामा करून 'खेप झाली' म्हणणार, हे उघड होतं.

"जोशीबुवा, पट्टा लावलाय का?" बाईंनी विचारलं.

मी हो म्हणायच्या आत एकशे तीन घोडे सुटले. तो टँकर आम्ही कधी ओलांडला ते मला कळलंही नाही. बाईंनी गाडी पुढं नेऊन आडवी लावली. ड्रायव्हर खाली उतरला तो हात जोडूनच. "बाई, चुकून वळलो हो."

"चुकून? अन् ती पाइप लावून उभी होती ती माणसंबी चुकूनच उभी होती का?" बाईंनी बॉनेटवर पंचनामा लिहायला घेतला. बॉनेट इतकं तापलेलं की कागदाला हात टेकवेना. मग टँकर पुढं आणि आम्ही मागं, अशी वरात गावात गेली. विहिरीत पाणी पडायला लागलं तशा बायका घागरी घेऊन धावल्या, आणि बाई कंबरेवर हात ठेवून, केस पिंजारलेले, शेवटचा थेंब पडेपर्यंत उभ्या राहिल्या. मी त्यांना इतकं खूश कधी बघितलं नव्हतं.

तेवढ्यात अण्णा आले. उंच, पांढरे कपडे. रस्त्याकडची जमीन संपादनात गेल्यापासून मोठी पांढरी गाडीही होती. त्यांनी बहिणीकडं बघितलं, झेंडूच्या गाडीकडं बघितलं. "कमल, ही कुणाची गाडी?"

"माझी."

"तुझी म्हणजे?"

"माझ्या नावावर हाय."

"तुझ्या नावावर कशाला घ्यायची? विकीच्या नावावर घ्यायची ना. तुला काय करायचंय नावाचं?" अण्णांच्या आवाजात राग नव्हता. खरंच समजत नव्हतं त्यांना. "जाऊ दे. सात महिन्यांनी गावाकडं येतेसच तू. तोवर चालव. मग त्याच्या नावावर करून टाकू."

येताना बाई तीसच्या वर गेल्या नाहीत. रिक्षा आम्हाला ओलांडून जात होत्या. चिकलठाणा आलं तेव्हा त्या बोलल्या. "वडील गेले तेव्हा मी सव्वीस वर्षांची. जमिनीतल्या हिश्श्याची हक्कसोड केली, अण्णाच्या नावानं. बहिणी करतेतच. आपल्याच कचेरीत. अधिकाऱ्यानं वाक्य वाचलं, कुणाची हरकत असल्यास सांगावे. मी म्हणलं, हरकत नाय. पुढं मी स्वतः ते वाक्य वाचायला लागले. इतक्या बहिणी समोर बसल्या, एकीनंबी कधी हरकत घेतली नाय. मी मनात म्हणायची, घे ना गं बाई. अन् लिहायची, हरकत नाही." त्यांनी गिअर बदलला. "आता गाडीबी लिहून देईन मी, बघा. सवय लई वाईट."

मला त्या क्षणी बाईंची फार भीती वाटली, म्हणजे बाईंसाठी.

निरोप समारंभाला अण्णा आले, वहिनींना घेऊन. वहिनी साठीच्या, डोक्यावर पदर, दाराजवळच्या खुर्चीत चिवड्याची बशी घेऊन बसलेल्या. भाषणं झाली, हार झाले. मग अण्णा उठले आणि म्हणाले, "आमच्या कमलनं लई कष्ट केले. आता तिला घरी न्यायला आलोय." टाळ्या पडल्या. अण्णांनी आर.टी.ओ.चे फॉर्म बाईंसमोर ठेवले. गाडी विकीच्या नावावर करायचे. सही करायच्या जागी पेन्सिलीनं फुल्या मारलेल्या. "एवढं आजच उरकून घेऊ म्हणलं. सगळे हायतीच."

बाईंनी पेन काढलं. मी समोरच होतो. पेनाचं टोपण निघालं.

आमचे साहेब गमत्या स्वभावाचे. ते उभं राहून, सरकारी सुरात, म्हणाले, "तर मंडळी, श्रीमती देशमुख यांचा मुक्काम शहरातून गावाकडे आणि वाहन पुतण्याकडे वर्ग करण्यात येत आहे. कुणाची हरकत असल्यास सांगावे!"

सगळे हसले. हसण्यातून बाईंचा आवाज आला, "माझी हाय."

लोक अजूनच हसले. बाई उभ्या राहिल्या. पेनाला टोपण लावलं. "साहेब, हसू नका. लिहून घ्या. माझी हरकत हाय." आवाज कापत होता, पण तीन खोल्या ओलांडून गेला असणार. हसणं थांबलं. "गावाकडं जायला हरकत हाय. गाडी द्यायलाबी हरकत हाय. जोशीबुवा, तारीख टाका."

मी हारांच्या पावतीच्या मागं तारीख टाकली.

अण्णा गोंधळले. "अगं, पण गाडी उभी कुठं करशील? कचेरीतली जागा उद्यापासून बंद. गुलमंडीत तर सायकल उभी राहत नाय."

"तिच्यासाठी जागा घेतलीय. बीड बायपासला."

"जागा?"

"पार्किंग. झाकलेलं हाय, भिंतीला लागून." बाईंनी पर्स जवळ ओढली. "वर तिसऱ्या मजल्यावर मला राहायला एक खोली-किचनबी दिलंय त्यांनी."

मागून आमचा शिपाई ओरडला, "बाई, कागद?"

बाईंनी पर्समधून खरेदीखताची नक्कल काढून टेबलावर ठेवली. साहेब धरून सगळे वाकून बघायला लागले. घेणार म्हणून एकच नाव होतं. अण्णांनी नक्कल हातात घेतली, दोनदा वाचली. मग फुल्यांचे फॉर्म सावकाश घडी करून खिशात घातले. "मला सांगायचं तरी," ते म्हणाले.

"सांगितलं असतं तर तू सही कर म्हणला असता," बाई म्हणाल्या, "अन् मी केली असती, अण्णा."

अण्णांनी खिशातले फॉर्म आत दाबले. मग म्हणाले, "रविवारी जेवायला तरी येशील का?"

"येईन की. माझी मी येईन."

बाहेर निघताना वहिनी झेंडूच्या गाडीपाशी थबकल्या. पदर सावरून खिडकीतून आत वाकल्या आणि काहीतरी मोजायला लागल्या. "वन्सं, पायाखाली तीन हायती की ओ," त्या म्हणाल्या. "अन् पाय तर दोनच."

"म्हणूनच शिकावं लागतं," बाई म्हणाल्या.

पुढं माझी बदली झाली, आधी जालन्याला, मग आणखी लांब, आणि बाईंची गाठ पडणं बंद झालं. त्यांना शेवटचं बघितलं ते जालन्याच्या दिवसांत. शहरातून मोटारसायकलीवर निघालो होतो. करमाडच्या अलीकडं एका नव्या लेआउटमध्ये, पांढऱ्या दगडांच्या मधल्या मोकळ्या जमिनीवर, ती गाडी दिसली. त्या वर्षी पाऊस बरा झाला होता. गाडी धुतलेली होती. एक उडी मारायची, बंद पडायची, परत सुरू व्हायची, परत उडी. मी थांबून बघितलं. स्टिअरिंगवर वहिनी होत्या, डोक्यावर पदर तसाच, मान ताठ. शेजारी बाई डॅशबोर्डवर हात आपटत होत्या. "ब्रेक, वहिनी, ब्रेक! त्यो नाय! मधला!"

कडेला दगडापाशी अण्णा उभे होते, पांढऱ्या कपड्यांत, हातात बायकांच्या चपला. अनवाणी पायानं अंदाज लागतो म्हणून वहिनींनी उतरवून त्यांच्याकडं दिल्या असाव्यात. मला बघून ते ओशाळले, चपला पाठीमागं न्यायला निघाले, मग तशाच राहू दिल्या.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"तिसरा रविवार." गाडीनं एक मोठी उडी घेतली आणि तोंड आमच्याकडं वळवलं. खिडकीतून वहिनींचं हसणं ऐकू आलं, मोठ्यानं, मोकळं. अण्णांनी माझ्या दंडाला धरलं. "मागं सरका, जोशी. तिला अजून थांबवता येत नाय."

आम्ही दोघंही मागं सरकलो.